पांढरा बगळा, काळा गवा आणि कॅमेऱ्याचा अंदाज



मुख्याध्यापकांचे पान उघडताना वाचकांच्या मनात शिस्त, गणवेश, उशिरा येणारी मुले आणि थकलेली फी हेच विषय येतात, याची आम्हांस कल्पना आहे. या अंकात त्यांतले काहीही नाही. या वेळी आम्ही कॅमेऱ्याविषयी, आणि त्यातही अगदी दोनच गोष्टींविषयी लिहिणार आहोत. एक मीटरिंग, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो ते; आणि दुसरी स्टॅबिलायझेशन, म्हणजे थरथर कशी आवरतो ते. शाळेच्या वार्तापत्रात हे कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की आपले निसर्ग मंडळ सुरू झाल्यापासून ‘मुलाला कोणता कॅमेरा घेऊन द्यावा?’ हा प्रश्न आम्हांला पालकांनी जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा ‘कोणते पुस्तक घेऊन द्यावे?’ हा विचारलेला नाही.

त्यातला एक प्रसंग सांगतो. वेदगंगेकाठच्या एका गावातून आपल्याकडे नववीत येणाऱ्या एका मुलाला पक्ष्यांचा फार नाद. मामाने वापरून दिलेला एक जुना डिजिटल कॅमेरा आणि त्यावर ७०–३०० ची लेन्स, एवढे त्याचे सामान. एके दिवशी त्याचे वडील ऑफिसात आले. ‘‘सर, उसाचं बिल जमा झालंय. पोराचं फोटो बघा, एक तर सगळं काळं येत्यात, न्हाईतर सगळं पांढरं. दुकानदार म्हणतोय कॅमेराबी बदला आणि लेन्सबी. दीड लाख सांगतोय. घेऊन टाकू काय?’’ आम्ही विचारले, ‘‘अहो, या बिलातून दुसरे काही करायचे ठरले होते का?’’ तेव्हा जरा थांबून म्हणाले, ‘‘थोरलीला बेळगावात पी.यू.सी.ला घालायची हाय. तिचं बघू काय तरी.’’

‘बघू काय तरी’ हे शब्द आम्हांला रुचले नाहीत. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की येत्या रविवारपर्यंत पैसे बँकेतच राहू द्या, आणि रविवारी सकाळी आम्हांला तुमच्या शेतावर येऊ द्या.

रविवारी काय झाले ते सांगण्याआधी कॅमेऱ्याचा स्वभाव सांगायला हवा. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथल्या पुस्तकांत पानोपानी भेटणारा ‘औसत’ हा शब्द पुढे मराठीत आम्हांला ‘सरासरी’ म्हणून भेटला. कॅमेऱ्याचे मीटर हा सरासरीचा भक्त आहे. समोरून परत येणारा उजेड तो मोजतो. त्या वस्तूवर मुळात उजेड किती पडला आहे, हे त्याला ठाऊक नसते. सावलीतली पांढरी भिंत आणि उन्हातली राखाडी भिंत यांच्याकडून सारखाच उजेड परत आला, तर त्याच्या लेखी दोन्ही एकच. मग तो एक गृहीत धरून चालतो. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडी असणार, पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारे. छायाचित्रकार जवळ बाळगतात ते राखाडी कार्ड याच हिशेबाचे असते.

बहुतेक वेळा हे गृहीत खपून जाते. वर्गाचा फोटो, सहलीचा फोटो, झाडाखाली बसलेली आजी, यांत थोडे पांढरे, थोडे काळे, थोडे हिरवे असते आणि बेरीज जमते. पण चौकटभर पांढरा बगळा असेल तर मीटर म्हणते, उजेड फार झाला. आणि तो कमी करून बगळा मळकट राखाडी करते. चौकटभर काळा गवा असेल तर म्हणते, उजेड कमी पडला. आणि तो वाढवून गवा धुळीत लोळल्यासारखा करते. (शाळेच्या निकालाची सरासरी सांगताना आमच्या मनात हे नेहमी येते. सत्तर टक्के म्हटले की सगळे खूश. त्यात पस्तीसवाला कोण आणि पंच्याण्णववाला कोण, ते सरासरी सांगत नाही.)

यावर उपाय कॅमेऱ्यातच असतो. अधिक-उण्याची खूण असलेले एक बटण किंवा चक्र असते, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. अधिक १ केले की फोटोत उजेड दुप्पट, उणे १ केले की निम्मा. चौकट भरून बगळा असेल तर अधिक १, चौकट भरून गवा असेल तर उणे १, असा ठोकताळा पुष्कळ पुस्तकांत सापडतो आणि तो खरा आहे. मुले तो पाठ करतात. मात्र आपल्या भागात नेमका तोच ठोकताळा फसवतो, कारण बगळा चौकट भरून कोणाला मिळतो?

आता रविवारकडे वळू. शेतात ट्रॅक्टरने नांगरट चालली होती आणि नांगरामागे पंचवीस-तीस गायबगळे किडे टिपत चालले होते. निपाणी भागात हे दृश्य कोणाला नवे नाही. मुलाने नेहमीप्रमाणे फोटो काढला. चौकटीत नऊ भाग काळी माती आणि एक भाग बगळा. मीटरने माती पाहिली, काळोख समजून उजेड वाढवला. माती छान तपकिरी दिसू लागली आणि बगळ्याचा झाला चुना. ना पीस दिसत, ना पंखाची घडी. पाठ्यपुस्तकातला अधिक १ इथे वापरला असता तर आणखी बिघडले असते. इथे उणे १ हवे. थोड्या वेळाने तेच बगळे उडून ढगाळ पांढऱ्या आभाळावर आले, आणि तोच कॅमेरा त्यांना काळे करू लागला, कारण आता चौकटीत नऊ भाग आभाळ होते. इथे अधिक १, कधी अधिक दीडसुद्धा. पक्षी तोच, सकाळ तीच, मधे पाच मिनिटे; आणि आकडा उणेवरून अधिकवर. ‘एक तर सगळं काळं, न्हाईतर सगळं पांढरं’ या तक्रारीचे मूळ इथे होते. कॅमेरा बिघडलेला नव्हता, तो नेमून दिलेले काम इमानाने करीत होता.

मीटरिंगचे प्रकार साधारण तीन असतात. पहिला, साऱ्या चौकटीचे भाग पाडून प्रत्येकाचा विचार करणारा. निकॉन त्याला मॅट्रिक्स म्हणते आणि कॅनन इव्हॅल्युएटिव्ह. दुसरा, मधल्या भागाला जास्त मान देणारा. तिसरा स्पॉट, म्हणजे चौकटीतला लहानसा ठिपकाच मोजणारा. मुलांना स्पॉटचे फार आकर्षण असते, कारण नाव ऐकूनच अचूक वाटते. आमचे मत वेगळे आहे. फांदीवर निवांत बसलेला खंड्या किंवा उभा असलेला गवा यांना स्पॉट चांगला. चालत्या बगळ्यामागे स्पॉट धरला तर ठिपका एका क्षणी पांढऱ्या पिसांवर आणि पुढच्या क्षणी काळ्या मातीवर पडतो, आणि लागोपाठ काढलेल्या दहा फोटोंत दहा तऱ्हेचा उजेड येतो. शिवाय पांढऱ्यावर स्पॉट पडला तरी मीटर त्याला राखाडीच करणार. तिथेही अधिक द्यावेच लागते. म्हणून पहिलाच प्रकार ठेवावा आणि अधिक-उणे आपल्या हाताने करावे.

याहूनही सोपी एक युक्ती त्या रविवारी आम्ही वापरली, ती मुद्दाम सांगतो. उन्हातल्या हिरव्या गवताकडून साधारण मध्यम राखाडीइतकाच उजेड परत येतो. उसाचा हिरवा पालाही त्याच्याच जवळपास. तेव्हा ज्या उन्हात बगळे आहेत त्याच उन्हातल्या उसावर कॅमेरा धरायचा, आकडे घ्यायचे आणि मॅन्युअलवर ते पक्के करून टाकायचे. त्या दिवशी नऊच्या सुमारास उसाने दिलेले आकडे होते एफ ५.६, १/२००० सेकंद, आयएसओ ४००. बगळ्यांच्या शुभ्र पिसांसाठी त्यातून अर्धा-पाऊण स्टॉप कमी करून शटर १/३२०० च्या जवळ नेले. आता बगळा मातीवर असो, उसावर असो की आभाळात, त्याच्यावर पडणारे ऊन तेच आहे, म्हणून आकडेही तेच. मागची जमीन बदलली तरी मीटरला बोलायला जागाच नाही. ढग आला तर मात्र पुन्हा उसाकडे वळायचे. ऊस नसेल तर तंबाखूचे हिरवे पानही चालते. शाळेच्या वार्तापत्रात तंबाखूचा एवढाच सदुपयोग आम्हांला सांगता येईल.

वडील बांधावर उभे राहून हे सारे पाहत होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बगळ्याच्या छातीवरची पिसे वेगळी वेगळी दिसू लागली, तेव्हा त्यांनी कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही.

जंगली प्राण्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या आधीच्या पिढ्यांना पडद्यावर पाहून दुरुस्ती करण्याची ही सोय नव्हती. आपल्या कर्नाटकातल्या संडूरच्या घोरपडे या मराठा राजघराण्यातले एम. वाय. घोरपडे हे राज्याचे अर्थमंत्री होते आणि वन्यजीवांचे नामवंत छायाचित्रकारही. त्यांचे ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे पुस्तक १९८३ साली निघाले. ऊन आणि सावल्या हे नावच पुरेसे बोलके आहे. फिल्मच्या रोलवर फोटो ३६, आणि चुकले की बरोबर ते रोल धुतल्यावर कळणार. योगायोग असा की चौकटीचे पाच भाग पाडून हिशेब करणारे मीटर असलेला निकॉनचा एफए हा कॅमेराही १९८३ चाच. त्या पाच भागांचे आता शेकडो, हजारो झाले. अलीकडच्या मिररलेस कॅमेऱ्यांत तर फोटो काढण्याआधीच तो किती उजळ येणार ते डोळ्यांना दिसते, आणि फार पांढऱ्या झालेल्या जागी झेब्य्रासारखे पट्टे उमटवता येतात. ही फार मोठी सोय आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. तरी पट्टे दिसल्यावर चक्र कोणत्या बाजूला फिरवायचे ते हातालाच ठाऊक असावे लागते.

आता थरथरीचे पाहू. मुलांना ती समजावण्यासाठी आम्ही कोंबडी वापरतो. कोंबडीला दोन्ही हातांत धरून हळूच डावीउजवीकडे, वरखाली हलवा. अंग हलते आणि डोके हवेत जागच्या जागी राहते. लेन्समधले स्टॅबिलायझेशन हेच करते. आत बारीक जायरो असतात, ते हाताचा हेलकावा ओळखतात, आणि काचेचा एक भाग तितकाच उलट दिशेने सरकतो. काही कॅमेऱ्यांत काचेऐवजी आतला सेन्सर सरकतो. भिंग बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स कॅननने १९९५ साली आणली, तीही ७५–३०० चीच. कॅनन याला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर.

जुना नियम असा की लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितक्या अंशाहून शटर हळू ठेवू नये. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० ची लेन्स ४५० सारखी वागते, म्हणून शटर १/५०० तरी हवे. स्टॅबिलायझेशन तीन स्टॉपचे असेल तर १/२५०, मग १/१२५, मग १/६० पर्यंत उतरता येते. हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात, आणि नेमक्या इथेच एक गैरसमज शिरतो. ही यंत्रणा आवरते ती तुमच्या हाताची थरथर. पक्ष्याचे पंख ती आवरत नाही. उडत्या बगळ्याला १/१६०० किंवा १/२००० लागतेच, लेन्स कितीही महाग असो. आपल्या विद्यार्थ्याला दुकानदाराने दाखवलेल्या लेन्सचा मुख्य गुण ‘पाच स्टॉपचे स्टॅबिलायझेशन’ हाच होता, आणि त्याचे बहुतेक फोटो उडत्या पक्ष्यांचे होते. दीड लाखातली किती रक्कम त्याच्या कामाच्या नसलेल्या गोष्टीसाठी जाणार होती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

जिथे तिचा खरा उपयोग, ते ठिकाण निपाणीहून फार लांब नाही. देवगड-निपाणी रस्त्याने मुदाळ तिट्टा, राधानगरी करत गेले की दाजीपूर लागते. गव्यांसाठी हे जंगल १९५८ साली अभयारण्य झाले. १९८५ साली राधानगरीचा भाग धरून ते ३५१ चौरस किलोमीटरचे झाले. निसर्ग मंडळाची मुले तिथे गेली तेव्हा हा विद्यार्थीही होता. पहाटेचा उजेड, दाट झाडी, आणि त्यात उभा गवा. अंग काळेकुट्ट आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मीटरची परीक्षा घ्यायला याहून चांगला प्राणी नाही. साऱ्या चौकटीचे मीटरिंग ठेवून उणे पाऊण दिले, तेव्हा गवा काळा राहिला आणि मोजेही पांढरे राहिले.

स्टॅबिलायझेशन चालू, शटर १/६०. इंजिन बंद करायला लावले, कारण चालू इंजिनाची थरथर बारीक आणि सततची असते. ती आवरण्यासाठी काही लेन्सवर ‘अॅक्टिव्ह’ अशी वेगळी कळ असते, पण इंजिन बंद करणे त्याहून स्वस्त. खिडकीवर शाळू भरलेली कापडी पिशवी ठेवली आणि तिच्यावर लेन्स टेकवली. ही पिशवी आम्हांला तिपाईपेक्षा जास्त आवडते. तिपाई गाडीत उघडत नाही, आणि परत आल्यावर तिच्या भाकरी होत नाहीत. बटण अर्धे दाबून क्षणभर थांबायचे, आतले चित्र स्थिर झाले की पूर्ण दाबायचे. फोटोत गव्याचे अंग, डोळा, शिंगे स्पष्ट आली आणि एक कान पुसट आला. मुलाने लगेच ओळखले, ‘‘सर, हात हलला नाही, कान हलला.’’ आमच्या दृष्टीने त्या सहलीची कमाई हे वाक्य होते.

आणखी दोन बारकावे सांगून हा भाग संपवतो. काही लेन्सवर १ आणि २ असे दोन प्रकार असतात. उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा आडवा फिरवत न्यायचा असेल तर २ घ्यावा; तो आडव्या हालचालीला आडकाठी करीत नाही, फक्त वरखाली हेलकावा आवरतो. आणि जुनी लेन्स तिपाईवर पक्की बसवली असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करावे, नाहीतर नसलेली थरथर शोधता शोधता ती स्वतःच चित्र हलवते. नव्या लेन्सना पुष्कळदा तिपाई ओळखता येते.

गोकाकजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात येणारे कांड्या करकोचे टिपायचा मुलांचा बेत आहे. हे पक्षी मध्य आशियाकडून येतात. त्यांचा रंग फिकट राखाडी, म्हणजे जवळजवळ मीटरच्या मनातलाच! तिथे अधिक-उणे फारसे करावे लागणार नाही. मुलांना आम्ही हे आधी सांगितलेले नाही. त्यांच्या ध्यानात येते का ते पाहायचे आहे. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या बारापेडे गुहेतील दुर्मिळ वटवाघळांचे फोटो काढायची मात्र काहींची मागणी होती, ती आम्ही नाकारली. अंधारात झोपलेल्या जिवांवर फ्लॅश मारून मिळणारा फोटो आपल्या फलकावर लागणार नाही.

आता त्या वडिलांचे. त्या वर्षी कॅमेरा घेतला गेला नाही. थोरलीचा बेळगावात पी.यू.सी.ला सायन्सला प्रवेश झाला. नवा कॅमेरा निरुपयोगी असता असे आम्ही कोणालाही सांगितलेले नाही. उडता पक्षी झटकन फोकसमध्ये पकडण्यात नवे कॅमेरे पुष्कळ पुढे गेले आहेत, आणि हा मुलगा एक दिवस तो घेईलच. मध्यंतरी वडील भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘सर, आता मी नांगरायला निघालो की पोरगं म्हणतंय, ऊन डाव्या अंगाला येईल असा ट्रॅक्टर घाला.’’ घालता का, असे विचारल्यावर हसले. ‘‘घालतो की. तास जरा वाकडं येतंय.’’

नांगरामागच्या बगळ्याचा तो फोटो विज्ञानकक्षाच्या दारावर लावला आहे, त्याखाली मुलाने स्वतःच्या अक्षरात आकडे लिहिले आहेत. मंडळाचा कॅमेरा दर शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयातून मिळेल. नेणाऱ्याने वहीत सही करावी, प्रत्येक फोटोमागे अधिक की उणे आणि का, ते एका ओळीत लिहावे, आणि सोमवारी प्रार्थनेपूर्वी बॅटरी भरून परत करावा. शाळूची पिशवी ज्याची त्याने घरून आणावी.